पाठमोरी शर्यत

तळी स्वतःला देश म्हणवून घेत, त्या काळी दरवर्षी सगळ्या देशांच्या पोरांची होड्यांची शर्यत भरे. वल्हवणाऱ्यांची पाठ विजयाच्या कमानीकडे असे आणि मागे वळून पाहणं हा देशद्रोह. पुढचं दिसे ते फक्त सुकाणूवर बसलेल्या बगळ्याला.

त्या वर्षी दाट धुकं होतं. "ओढा रे, बदकं पुढे गेली!" पाणमांजरांच्या नावेतला बगळा ओरडला.

"बगळेकाका, बदकं पोचली का?" वल्हं ओढता ओढता झिपरी पाणमांजरीने विचारलं.

"केव्हाच."

"मग ओरडत का नाहीत? जिंकलेली बदकं गप्प बसतात होय?"

"तोंड बंद, हात चालव!"

झिपरीने मान वळवली. कमान म्हणजे मगरीचा उघडा जबडा होता. त्यावर आधीच्या नावांचे बगळे ओळीने बसले होते, अगदी कोरडे. खाली रिकाम्या नावा डुलत होत्या.

"नाव मागे फिरवा!" ती किंचाळली.

नाव माघारी आली तशी काठावरची म्हातारी पाणमांजरं चवताळली. "देशाचं नाक कापलंस, कार्टे!"

"आजोबा, बाकीची पोरं कुठायत?"

इतक्यात नावेतला बगळा पुढच्या वर्षीची पोरं निवडायला काठावर उतरला. म्हाताऱ्यांनी सरकून त्याला जागा करून दिली.