पोंक्षे शोधतात कुठे?

आमच्या कराडच्या कुमुदवहिनी वाळिंबे यांचा रबरी शिक्के बनवण्याचा धंदा. इंटरनेटवर जाहिरातीला महिना चार हजार ठेवलेले. कोणी जाहिरातीवर क्लिक केलं की त्यातून पैसे कापले जायचे. वहिनींनी निम्मे मोठ्या सर्च इंजिनवर लावले होते, निम्मे धाकट्यावर.

व्यापारी मेळाव्यात पुण्याचे जाहिरात-सल्लागार इनामदार यांनी हे ऐकलं आणि माइकवरच हसले. "अहो मॅडम, शंभरातले नव्वद लोक मोठ्यावर असतात. धाकट्यावर काळं कुत्रं फिरकत नाही! निम्मे पैसे तिथे नुसते अडकवून ठेवलेत तुम्ही."

सभागृह हसलं. खोटं कशाला बोलू, मीही हसलो. वहिनींचे यजमान पुटपुटले, "उद्याच बंद करू ते."

वहिनी शांतपणे उठल्या. "सर, तुमच्या ऑफिसला शिक्का लागला तर मागवतं कोण?"

"आमचे हेडक्लार्क, पोंक्षे."

"मग त्यांना आत्ता फोन करून शिक्केवाला शोधायला सांगा ना."

इनामदारांनी मोठ्या ऐटीत फोन लावून माइकसमोर धरला. थोड्या वेळाने पोंक्षे म्हणाले, "सापडला, सर. सगळ्यात वर कराडच्या वाळिंब्यांची जाहिरात आहे."

"शोधलंत कशावर?"

"कॉम्प्युटरबरोबर जे आलं होतं त्यावरच, सर. ते बदलत कोण बसणार?"

ते धाकटं सर्च इंजिन होतं.

वहिनी म्हणाल्या, "सर, शिक्का ऑफिसातच लागतो आणि प्रत्येक ऑफिसात एक पोंक्षे असतात. तुमचे नव्वद लोक तुम्हाला लखलाभ. मला पोंक्षे पुरेत."