लांबशेपटी आणि माशांचं डबकं

फार पूर्वी, पृथ्वीवर अजून एकही पक्षी नव्हता, तेव्हा आभाळात सरडे उडायचे. खरंच! त्यांच्या पंखांना पिसं नव्हती, नुसतं पातळ कातडं होतं. आणि लांब तोंडात सुईसारखे दात.

समुद्रकाठच्या एका कड्यावर अशा उडत्या सरड्यांची वस्ती होती. त्यात एक तरुण सरडी होती. तिला सगळे लांबशेपटी म्हणत. त्या दिवसांत मासे खोल पाण्यात गेले होते आणि सगळी वस्ती अर्धपोटी झोपत होती.

एकदा ओहोटीच्या वेळी लांबशेपटीला खडकांमध्ये एक डबकं दिसलं. त्यात मासेच मासे अडकले होते! 'सगळ्यांना हाक मारावी का?' तिच्या मनात आलं. 'छे! आधी आपण पोटभर खाऊ, मग बघू.'

ती खाली उतरली आणि मासे मटकावू लागली. पोट टम्म फुगलं तरी तोंड काही थांबेना. तेवढ्यात पायांना गार पाणी लागलं. भरती आली होती! तिने जोरजोरात पंख फडफडवले, पण जड अंग जागचं हलेना.

हाक मारावी तर चोरी उघडी पडणार, न मारावी तर बुडून मरणार. पाणी पोटाला लागलं, तशी ती लाज सोडून ओरडली, "मावशी, धाव गं! मी बुडतेय!"

वस्तीतली म्हातारी मावशी सगळ्यांना घेऊन आली. लांबशेपटीच्या तोंडातून अजून एक मासा लोंबत होता. सगळ्यांना सगळं कळलं.

"रागवायचं ते मागाहून," मावशी म्हणाली. "आधी हिला वर काढा!"

कोणी नखांनी ओढलं, कोणी मागून डोक्याने ढकललं. "अगं, केवढी ही जड!" म्हणत, हसत, धापा टाकत त्यांनी तिला उंच खडकावर चढवलं.

तोवर डबकं बुडालं आणि उरलेले मासे समुद्रात निघून गेले. भुकेली पिल्लं पाण्याकडे बघत राहिली. लांबशेपटीला कोणी एक शब्दही बोललं नाही. तिला तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी ती सकाळपासून उपाशीपोटी खडक धुंडाळत फिरली. संध्याकाळी एक छोटंसं डबकं सापडलं. तोंडाला पाणी सुटलं होतं, तरी ती आधी गळा फाडून ओरडली, "या रे या! मासे सापडले!"

पिल्लांनी एकच गलका केला. लांबशेपटीच्या वाट्याला दोनच मासे आले. ते तिने त्या गलक्यात बसून, मिटक्या मारत खाल्ले.

तात्पर्य: घास सापडला की आधी आपल्या माणसांना हाक मारावी, संकटात हाक मारायची वेळ आली तर मग मान खाली घालावी लागत नाही.