पाडसाचे नाटक

एका दाट सागवनात प्राण्यांच्या पोरांसाठी नाटकाची शाळा भरत असे. एक वयस्कर धनेश पक्षीण ती शाळा चालवी. तिच्या चोचीवर मोठे शिंग होते आणि आवाज असा खणखणीत होता, की ओढ्यापलीकडच्या मुंग्यासुद्धा पाठ म्हणायला लागत. सगळे तिला ‘बाई’ म्हणत. बाईंचा एकच दंडक होता. वर्ष संपताना पोरांनी मिळून एक नाटक करायचे. पण ते कुठले जुने, ऐकलेले नाटक नको, स्वतः रचलेले हवे. त्या वर्षी शाळेत चौघे होते : हुशार कोल्ही, भित्रा ससा, काटे वाजवून सुंदर ताल धरणारी सायाळ आणि सगळ्यांचा लाडका वानर.

विषय ठरेना. सशाने आपल्या काकाच्या लग्नाची गंमत सुचवली, पण ती त्याच्याशिवाय कोणालाच गमतीची वाटली नाही. मग कोल्ही एकदम म्हणाली, “आपण माळावरच्या पाडसाचं नाटक करू या!”

ही गोष्ट जंगलात सगळ्यांना माहीत होती. दोन महिन्यांपूर्वी, ऐन बोरांच्या दिवसांत, चितळांच्या कळपातले एक लहानसे पाडस बिबट्याने नेले होते. आई ‘जवळ राहा’ म्हणत असताना ते फुलपाखराच्या मागे दूर गेले, कळप तेव्हा लांबच्या रानात होता, झाडावरच्या वानराने हाक दिली, पण पाडस काही आले नाही, असे सगळे सांगत. तेव्हापासून जंगलातल्या आया आपल्या पोरांना दटावत, “ऐक गं बाई, नाहीतर त्या पाडसासारखं होईल!”

वानर मात्र दचकला. “नको,” तो म्हणाला, “जुनी गोष्ट आहे ती.”

“दोन महिन्यांत कसली जुनी?” कोल्ही म्हणाली. “आणि त्या दिवशी राखणीला तूच तर होतास! हाक तूच दिलीस ना? प्रत्यक्ष पाहणारा आपल्यात आहे, आणखी काय हवं?”

तिघे त्याच्याकडे टक लावून पाहू लागले. वानराने शेपटीचे टोक दोन्ही हातांत धरले आणि तो सांगू लागला. सांगता सांगता त्याला रंग चढला. बिबट्या गवतातून कसा सरपटत आला, आपण शेंड्यावरून कसे पाहिले, घसा फुटेपर्यंत कसे ओरडलो, हे सगळे त्याने उड्या मारून करून दाखवले. ससा तर भीतीने सायाळीच्या आडोशाला गेला, आणि काटे टोचल्यावर पुन्हा बाहेर आला. दुसऱ्या दिवशी वानराने तीच गोष्ट पुन्हा सांगितली, तेव्हा त्याची हाक आणखी मोठी झाली होती आणि बिबट्या आणखी जवळ आला होता.

तालीम सुरू झाली. सशाच्या अंगावर पांढऱ्या मातीचे ठिपके काढून त्याला पाडस केले. सायाळ आई झाली. बिबट्याचे काम कोल्हीने घेतले. वानर वानरच झाला. संवाद कोल्हीने लिहिले, आणि एका दुपारी सायाळीने काट्यांवर असा काही ठेका धरला, की चौघांच्या तोंडी आपोआप गाणे आले :

“ऐकलं नाही, ऐकलं नाही,
पाडसानं आईचं ऐकलं नाही!”

बाईंनी ते ऐकले. चाल त्यांना आवडली, पण त्यांनी चोच जरा वाकडी करून विचारले, “पोरांनो, ही गोष्ट ज्या आईची आहे, तिला विचारलंत का?”

“आज विचारतो, बाई,” कोल्ही म्हणाली.

ती त्याच संध्याकाळी माळावर गेली. कळप एकीकडे चरत होता आणि पाडसाची आई, ती हरिणी, दुसरीकडे एकटीच उभी होती. ती गवताला तोंड लावी, पण खात नव्हती. कोल्ही एका झुडपाआड थांबली. एवढ्यात मागून वानर आला. “कशाला तिची जखम उकरतेस?” तो हळूच म्हणाला. “तिला त्रास होईल. आपल्याला सगळं ठाऊक आहेच की.” खरे सांगायचे तर मुलांनो, कोल्हीला हायसे वाटले. दुःखी आईसमोर उभे राहण्यापेक्षा परत फिरणे सोपे होते. ती परत फिरली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पुन्हा विचारले, तेव्हा वानर पटकन म्हणाला, “विचारलं, बाई.” कोल्ही खाली मान घालून जमीन उकरत राहिली. तिने ‘नाही’ म्हटले नाही.

पळस फुलले आणि नाटकाचा दिवस आला. भर दुपारी मोहाच्या झाडाखालची जागा भरून गेली. रानडुकरांनी पुढच्या जागा धरल्या होत्या, त्यांना उठवून लहान पोरांना पुढे बसवावे लागले. चितळांचा सगळा कळप आला. म्होरक्या मधोमध बसला. आणि अगदी शेवटी, पडदा म्हणून टांगलेली वेल बाजूला सरकत असताना, ती हरिणी आली आणि कडेला उभी राहिली. कोल्हीने तिला पाहिले. पण ठेका सुरू झाला होता.

नाटक रंगले. ससा फुलपाखरामागे धडपडला, तेव्हा प्रेक्षक हसले. सायाळीने “बाळा, फिर माघारी!” अशी हाक मारली, तेव्हा मोरांनी डोळे पुसले. वानर फांदीवर चढला आणि सगळा जीव एकवटून ओरडला, “खक्! खक्! खक्!” ती हाक इतकी खरी होती, की कळपातले चारपाच जण उठून पळायलाच लागले आणि मग लाजून खाली बसले. टाळ्या पडल्या. बिबट्याने झेप घेतली. आणि शेवटी चौघे ओळीने उभे राहून गाऊ लागले, “ऐकलं नाही, ऐकलं नाही...”

पुढे बसलेल्या पिल्लांनी ते लगेच उचलले. मग त्यांच्या आयांनी, मग रानडुकरांनी. कळपातली लहान पाडसे खूर आपटून गाऊ लागली. बघता बघता सगळे जंगल एका सुरात गात होते, “पाडसानं आईचं ऐकलं नाही!”

हरिणी चालत आली. ती घाईत नव्हती. ती पिल्लांच्या मधून वाट काढत पुढे आली आणि नाटकाच्या जागेत जाऊन उभी राहिली. आधी पुढची रांग गप्प झाली, मग मागची. सायाळीचे काटे आपोआप थांबले.

“माझं लेकरू ऐकणारं होतं,” हरिणी म्हणाली.

तिचा आवाज मोठा नव्हता, पण शेवटपर्यंत पोचला.

“त्या सकाळी मी त्याला घाणेरीच्या जाळीत बसवलं. म्हटलं, मी ओढ्यावर पाणी पिऊन येते. मी येईपर्यंत जागचं हलायचं नाही. ते हलणार नव्हतंच. कधीच हलत नसे. मी पाणी पिऊन मान वर केली, तर पलीकडे बिबट्या जाळीकडे चालला होता. माझ्या आणि लेकराच्या मध्ये ओढा होता. मी ‘पळ’ म्हणून ओरडले, पण पाण्याच्या आवाजात माझं ओरडणं बुडालं. बिबट्या दोन पावलांवर आला. तरी ते हललं नाही. मी सांगितलं होतं ना!”

मोहाचे एक फूल टपकन खाली पडले, ते सगळ्यांना ऐकू आले.

“मग तू हे बोलली का नाहीस?” म्होरक्याने विचारले.

“मला कोणी विचारलं?” हरिणी म्हणाली. “मी परत आले, तोवर तुम्ही सगळे फुलपाखराची गोष्ट सांगत होता. मी म्हटलं, सांगू देत. मलाच वाटत होतं, दोष माझा, ‘हलू नकोस’ म्हणणारी मीच. आणि वाटायचं, वानरानं हाक दिली असेल, मलाच पाण्यापाशी ऐकू आली नसेल. इतके दिवस मी स्वतःच्या कानांना दोष देत होते.” तिने मान वर करून फांदीकडे पाहिले. “आज तू हाक दिलीस, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. अशी हाक पाण्याच्या आवाजात बुडत नाही रे. ओढ्यापलीकडेही जाते, टेकडीपलीकडेही जाते. ही हाक मी आज पहिल्यांदा ऐकली.”

सगळ्या माना एकदम वर वळल्या.

वानर फांदीला चिकटून बसला होता. त्याचे काळे तोंड राखेसारखे दिसत होते. त्याने बाईंकडे पाहिले, कोल्हीकडे पाहिले. एकही चेहरा त्याच्या मदतीला आला नाही.

“मी तिथं नव्हतो,” तो म्हणाला.

“काय?” ससा ओरडला.

“पलीकडच्या बोरीवर होतो. बोरं पिकली होती. म्हटलं, पटकन खाऊन येतो. परत आलो तेव्हा...” त्याने हाताने तोंड पुसले. “सगळे विचारायला लागले, हाक दिली होतीस ना? मी म्हटलं, दिली होती. मग कोणी विचारलं, तरी पाडस का नाही पळालं? माझ्या तोंडून निघून गेलं, फुलपाखरामागं गेलं असेल. ‘असेल’ म्हटलं होतं मी! दुसऱ्या दिवशी सगळे ‘गेलं’ म्हणायला लागले.”

कळपात एकच गलका झाला. “खोटारडा! उतरवा त्याला खाली!” म्होरक्या शिंगे रोखून झाडाकडे धावला. माद्यांनी आपापली पाडसे पोटाशी ओढली. पण कितीतरी जण जागच्या जागी खिळून होते. ते वानराकडे पाहत नव्हते. आपण आत्ता काय गात होतो, हे त्यांना आठवत होते. एका लहान पाडसाने आईला विचारले, “मग ते ऐकणारं होतं? मग आपण त्याला का हसत होतो?” आई त्याचे अंग चाटू लागली.

हरिणी म्होरक्याच्या आडवी आली. “त्याला मारून मला काय मिळणार?” ती म्हणाली. “बाजूला व्हा.” मग ती माळाच्या दिशेने निघाली. या वेळी रानडुकरांनी आपण होऊन वाट करून दिली.

कोल्ही तिच्यामागे धावली. “मावशी, चूक माझीसुद्धा आहे,” ती रडत म्हणाली. “मी तुमच्याकडे येत होते. तुम्हाला लांबून पाहिलं आणि परत फिरले. बाईंसमोर वानर खोटं बोलला, तेव्हाही गप्प बसले. ते शब्द मीच लिहिलेत.”

हरिणी थांबली, पण वळली नाही. “गाण्याची चाल चांगली होती,” ती म्हणाली. “म्हणूनच तर सगळ्यांना पाठ झालं.” आणि ती गेली. कोल्हीला वाटले, त्यापेक्षा शिंगाने ढुसणी दिली असती तरी बरे झाले असते.

बाई त्या दिवशी रागावल्या नाहीत. त्या खाली येऊन पोरांच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, “मी तरी दुसऱ्यांदा विचारून थांबले. स्वतः उडत जायला मला किती वेळ लागला असता?” सशाच्या अंगावरचे पांढरे ठिपके अश्रूंनी ओघळले होते. ते त्याने पुसलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्ही, ससा आणि सायाळ माळावर गेले आणि हरिणीपासून थोड्या अंतरावर बसले. ती काही बोलली नाही. तेही बोलले नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशीही तसेच झाले. तिसऱ्या दिवशी वानर आला आणि सगळ्यांत मागे बसला. त्याला कोणी ‘ये’ म्हटले नाही, पण ‘जा’ही म्हटले नाही. खूप वेळाने हरिणी म्हणाली, “माझ्या लेकराला गवताच्या तुऱ्यानं शिंका यायच्या. एकामागून एक सात. मग ते माझ्याकडे असं बघायचं, जसं काही शिंका मीच दिल्या.” कोल्हीने काही लिहिले नाही. ती नुसती ऐकत राहिली.

त्या वर्षी शाळेचे नाटक पुन्हा झाले नाही. चौघे मात्र पाणवठ्यावर, वारुळांपाशी, घरट्यांखाली, जिथे जिथे ते गाणे ऐकू येई, तिथे तिथे जात आणि सांगत, “ते खोटं आहे. आम्हीच रचलं होतं.” गाणे पसरायला एक दुपार पुरली होती, ते पुसायला पुढचे सगळे पावसाळे-उन्हाळे लागले, आणि तरीही कुठेतरी एखादे पिल्लू ते गुणगुणताना सापडेच. वानर पहाटेपासून राखणीला बसू लागला, पण चितळे त्याच्या झाडाखाली चरायला येईनात. चितळे पुन्हा आली, तेव्हा सर्वांत आधी हरिणी आली होती.

तात्पर्य : दुसऱ्याच्या दुःखाची गोष्ट सांगायची असेल, तर आधी त्याच्यापाशी बसून ती ऐकावी; हजारांनी एका सुरात म्हटले, म्हणून खोटे खरे होत नाही.