येसाईची तिसरी गुंडी

निंबदऱ्यात अजून बटणं आली नव्हती, त्या काळची ही गोष्ट. तेव्हा गावात येसाई नावाची शिंपीण होती. अंगरख्याच्या आत घालायची बंडी शिवावी तर तिनंच. कापडाची पट्टी वळून वळून ती अशी घट्ट गुंडी बांधायची की, असं म्हणतात, बंडी विरून जायची पण गुंडी सुटायची नाही.

तिचा नवरा हैबती मात्र भारी आळशी. फाशातून गुंड्या न काढताच बंडी डोक्यावरून ओढायचा. "शिवण उसवतीय की हो," येसाई रोज करवादायची आणि तो रोज हसायचा. एका सकाळी त्यानं तशीच बंडी काढून ठेवली, नदीवर अंघोळीला गेला आणि लोंढ्यात सापडला. तो परत आला नाही. त्याच्या हातानं फाशात अडकवलेल्या बंडीच्या तीन गुंड्या तेवढ्या राहिल्या. येसाईनं ती बंडी तशीच पेटीत ठेवली आणि पुन्हा कुणाला हात लावू दिला नाही.

बऱ्याच वर्षांनी शेजारची गुणा बाळंतपणात अडली. ही पोर येसाईच्या मांडीवर चिंध्यांशी खेळत वाढलेली. दोन दिवस झाले तरी सुटका होईना. सुईण म्हणाली, "गावात कुठंच गाठ ठेवू नका, गाठ असली की बाळ अडतं." बायकांनी अंबाडे सोडले, गोठ्यातली गुरं सोडली. पाटलासकट सगळे बाप्ये बंड्या उघड्या टाकून उभे राहिले. एरवी हसून पुरेवाट झाली असती, पण त्या दिवशी कुणी हसलं नाही.

तरी काही होईना. "कुणाची तरी राहिलीय," सुईण म्हणाली.

कुणाची ते येसाईला ठाऊक होतं. तिनं घरी येऊन बंडी मांडीवर घेतली आणि पोटभर रडली. मग म्हणाली, "धनी, सोडते हं." दोन गुंड्या सुटल्या. तिसरी फाशात रुतून बसलेली, ती तिनं दातानं सोडवली. असं म्हणतात, बंडी आतून ऊबदार होती, नुकतीच अंगातून काढल्यासारखी. आणि तेवढ्यात शेजारून बाळाचं रडणं आलं.

त्याच बंडीत येसाईनं बाळ गुंडाळलं आणि गुणाला म्हणाली, "गुंड्या लाव गं बाई, आता तुझ्या हातानं."

आजही निंबदऱ्यात कुणाला कळा लागल्या की सगळे पुरुष, अगदी शाळेतले गुरुजीसुद्धा, सदऱ्याचं वरचं बटण सोडतात आणि म्हणतात, "येसाई, सोड गं." बाळाला आधी जुन्या बंडीत गुंडाळतात आणि गुंड्या आईच लावते. आणि नवऱ्यानं सदरा डोक्यावरून ओढून काढला, तर इथली बायको रागवत नाही. बटणं न सोडता तो तसाच खुंटीला अडकवते.