पुदिन्याच्या वासाचा हार

"मग पंधरा वर्षांची हमी कुठे गेली, बुवा?"

त्र्यंबकरावांनी विभूतीची डबी उघडून कोंडीबुवांपुढे ठेवली. मी प्रसाद समजून हात पुढे केला. आत दात होता.

दात नव्हे, दाढेवरची कॅप. पांढरीशुभ्र, कुठे ओरखडा नाही. मी हात पदराला पुसला.

या मठात मी सोळा वर्षं भाकऱ्या थापते आणि गुरुवारी दत्ताला हार करते. त्र्यंबकराव शेवडे हे बुवांचे नऊ वर्षांपासूनचे शिष्य. सरकारी बांधकाम खात्यात पूल तपासायचे मोठे साहेब होते. निवृत्त झाले, पण तपासायचं सोडलं नाही. माझी भाकरीसुद्धा उलटून बघतात.

माणूस दिलदार, हे मात्र खरं. मठासमोरच्या ओढ्यावर त्यांनी स्वखर्चाने साकव बांधून दिला. वर संगमरवरी पाटी, पाटीवर त्यांचं नाव. त्यानंतर भिंतीवरचं घड्याळ दिलं. चार वर्षांपूर्वी हार ओवायला दोऱ्याच्या डझनभर डब्या दिल्या. दोरा बारीक, पण चिवट असा की माझ्याने हाताने तुटायचा नाही. झाकणातच कापायला पाती. आणि हाराला कसा कोण जाणे, पुदिन्याचा वास.

"चारच वर्षांत पडली," त्र्यंबकराव म्हणाले. "परवा शिरा खाताना. शिरा, बुवा."

बुवांनी डबीत डोकावून पाहिलं.

"ही टोपी झाली. दात कुठाय?"

"तो आतून सडला."

"दुखला न्हाई?"

"नस आधीच काढलेली होती. दुखणार काय?"

"आन् टोपी?"

"कॅपला काही झालेलं नाही. तीच तर फसवणूक आहे."

मी पदर तोंडाला लावला.

त्र्यंबकरावांनी पिशवीतून तीन पानांचा टाइप केलेला कागद काढला. तालुक्याच्या गावी डॉक्टर प्राची सोनटक्के म्हणून दातांच्या डॉक्टर आहेत. पोरगी तिशीची, दवाखाना टाकून पाचच वर्षं झालेली. कॅप तिनेच बसवली होती. त्या कागदात तिच्याविरुद्ध ग्राहक मंचासाठी लिहिलेली तक्रार होती. सोमवारी दाखल करायची होती. त्याआधी बुवांनी कागदावर हात ठेवावा, एवढं मागणं.

"ती काय म्हनती?" बुवांनी विचारलं.

"काल दाखवलं तर म्हणते, कॅप चांगली आहे, खालचा दात तुमच्या निष्काळजीपणाने गेला. आठ दिवसांत आलात तर उरलेला दात वाचेल, नाहीतर उपटावा लागेल. अशा बाईपुढे मी पुन्हा तोंड उघडू?"

"तोंडात अशा किती हाईत?"

"अजून तीन. सगळ्या तिच्याच हातच्या."

आता मला पोरीचं वाईट वाटायला लागलं. त्र्यंबकरावांनी एकदा तक्रार केली की ती शेवटाला नेतात. त्यांच्या तक्रारीने आमच्या गावचा टपाल्या दोनदा बदलला. पण त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांचंही वाईट वाटायचं. गाल एका बाजूने बसला होता, आणि साहेबमाणूस दात उपटायच्या कल्पनेनेच मनातून हादरला होता.

"निष्काळजीपणा," ते म्हणाले. "अनसूयाबाईंनाच विचारा. चार वर्षांत मी या बाजूने काही चावलं का?"

ते खरं होतं. साहेबांसाठी मी शेंगदाणे कुटून ठेवायची. ऊस ते नुसता बघायचे. सुपारी सोडली, चिक्की सोडली, बर्फाचा गोळा तर नातवाच्या हातातून काढून घेतला, स्वतःचा काही संबंध नसताना. बुवांच्या पुण्यतिथीच्या भंडाऱ्याला, म्हणजे बुवांच्या गुरूंच्या, मटकी जरा कच्ची राहिली होती. तेव्हा साहेबांनी एकेक दाणा बोटाने दाबून पाहिला. पंगत उठली तरी ते पहिल्याच वाढणीवर.

"टोपी लई जपलीस," बुवा म्हणाले.

"डोळ्यांत तेल घालून."

"घासायचास?"

त्र्यंबकराव हसले. अडाण्याला समजून घ्यावं तसं हसले.

"बुवा, ही झिर्कोनियाची आहे. हिला कीड लागत नाही. घासून उलट चकाकी जायची. म्हणून तेवढी जागा सोडून बाकीचे घासायचो."

"आन् बाईनं दर सहा महिन्याला दाखवाया सांगितलं आसंल..."

"सांगितलं होतं. पण हमी होती ना."

बुवा उठले. खुंटीवरचा काथ्याचा दोर घेतला आणि ओढ्याकडे निघाले.

हे दर शनिवारचं काम. साकवाच्या खांबाच्या बुडाशी पाचोळा, चिंध्या, पिशव्या अडकून बसतात. बुवा खांबाच्या पायाभोवती दोर घालतात, एक टोक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. तू ओढ, मी ओढतो, असं करत आम्ही घाण मोकळी करतो. मी पदर खोचला.

"तू ऱ्हाऊ दे, अनसूया. आज त्र्यंबक धरंल."

त्र्यंबकरावांनी आधी विजार वर केली, मग घड्याळ काढून माझ्याकडे दिलं, मग ओढ्यात उतरले. पाणी गुडघ्याएवढं होतं. पाठीशी त्यांची पाटी, तिच्यावर बगळा.

दोर सरकायला लागला. आधी पाचोळा आला. मग एक फाटकी चप्पल आली. मग कसली तरी काळी, लिबलिबीत गठडी सुटून आली, आणि वास असा की बगळा उडाला.

"किती वर्षांची आहे ही?" त्र्यंबकरावांनी नाक धरलं.

"आठ दिवसांची."

"आणि तुम्ही वरून झाडूनच घेत असाल असं मला वाटायचं."

"वरनं काय झाडायचं? वर तुझं नाव हाय, सोच्छ हाय."

साहेबांना आता चेव आला. कामातलं काम निघालं की त्यांना राहवत नाही.

"दोर असा नका ओढू, बुवा. खाली घ्या. अजून खाली. जिथे खांब संपतो आणि खडक लागतो ना, त्या फटीत. सगळं मरण तिथे असतं. वरच्या स्लॅबवर हत्ती नाचवा, काही होत नाही. तीस वर्षं हेच सांगत आलो मी सगळ्या कनिष्ठांना. पूल वरून कधी जात नाही. पाणी पायाशी पोखरत राहतं. वरून दिसत नाही, आवाज येत नाही, आणि दिसतं तेव्हा..."

ते थांबले.

दोराचं टोक त्यांच्या हातातून सुटलं. बुवांनी ते पाण्यातून उचलून पुन्हा त्यांच्या हातात दिलं.

"तवा काय, साहेब?"

 गालाच्या आत त्र्यंबकरावांची जीभ उरलेल्या तीन कॅपांवरून फिरत होती. एकेक करून. बाहेरून स्पष्ट दिसत होतं.

मला हसू आलं. मी घड्याळाकडे बघत उभी राहिले.

राहिलेला खांब त्यांनी मुकाट्याने साफ केला. परत येऊन पाय धुतले. मी चहा दिला. तो त्यांनी नेहमीच्या बाजूने प्यायला, जणू चहासुद्धा चावायचा असतो.

"बुवा," कप हातात धरूनच ते म्हणाले, "तुमच्याही दाढेवर कॅप आहे ना? हसताना चमकते."

"हाय की. शिबिरात बसीवली. साधी, पत्र्यावानी."

"किती वर्षं झाली?"

"बावीस."

"बावीस..." साहेबांनी कप खाली ठेवला. "हमी किती वर्षांची होती?"

"हमी कोन देतंय फुकटच्या शिबिरात? डॉक्टर म्हनला, टिकली तर टिकली. त्या भ्यानं दोन येळा घासतोय."

 तक्रारीची तीन पानं चटईवर तशीच पडली होती. वाऱ्याने उडू नयेत म्हणून साहेबांनी त्यांवर विभूतीची डबी ठेवली होती, कॅपसकट.

शेवटी साहेब हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही कागदावर हात ठेवणार होतात."

"अनसूया," बुवा म्हणाले, "हाराची टोपली आन."

मी आणली. बुवांनी टोपलीतून दोऱ्याची डबी काढली. डझनातली ती शेवटची, अर्धीच उरलेली. त्यांनी ती कागदावर ठेवली, कॅपच्या शेजारी. हात ठेवला नाही.

त्र्यंबकरावांनी चष्मा पुसला आणि डबीवरची बारीक अक्षरं आयुष्यात पहिल्यांदा वाचली. दाताचं चित्र होतं, ते मी दर गुरुवारी बघायची. मला वाटायचं कंपनीचा छाप असेल.

"कॅप बसवली त्या दिवशी बाईंनी दिला होता हा दोरा," ते म्हणाले. "म्हणाल्या, रोज रात्री कॅपच्या कडेने, हिरडीपाशी फिरवा. मला वाटलं, एवढा दोरा... वाया जाण्यापेक्षा देवाच्या कामी लागेल."

चार वर्षं दर गुरुवारी दत्ताच्या गळ्यात पुदिना का घमघमतो, हे मला तेव्हा कळलं. पुजारी तर त्याला साक्षात्कार म्हणायचा.

त्र्यंबकरावांनी कॅप खिशात टाकली. कागदांच्या चार घड्या घातल्या, मग आठ, आणि चुलीसाठी माझ्याकडे दिले. तालुक्याची एसटी किती वाजता आहे, विचारलं. मी म्हटलं, दुपारी दीडला, दवाखाना पाचपर्यंत उघडा असतो.

दोऱ्याच्या डबीशी मात्र त्यांचा हात अडला. पुढे गेला, मागे आला.

"बुवा, देवाला वाहिलेली वस्तू परत कशी नेऊ?"

बुवांनी डबी उचलून त्यांच्या मुठीत कोंबली.

"ने. देवाचं दात बरं हाईत."