दुसरी हाक

त्या रविवारी नाल्यापलीकडल्या घराचं अंगण कोरडं होतं.

बाकी काहीच वावगं नव्हतं. कोंबड्या उकिरडा उकरत होत्या, शेळी दाव्याला होती, दार नुसतं लोटलेलं होतं. पण ज्या घरची सून उजाडायच्या आत सडा टाकून मोकळी व्हायची, त्या घराचं अंगण ऊन वर आलं तरी धुळीचंच होतं. नाल्याच्या अलीकडे, काळ्या धोंड्यावर उभ्या असलेल्या ताबीच्या मनाला ते टोचलं. चिचझरीचे लोक गोष्ट सुरू करतात ती इथूनच.

तेव्हा चिचझरीला सडक नव्हती, रानातून आलेली बैलगाडीची चाकोरी तेवढी होती. सातपुड्याच्या पायथ्याला, सागाच्या सावलीत सतरा घरं. समुद्रापलीकडून आलेल्या लाल दाढीच्या पाद्रीसाहेबांनी तिथे लूथरन ख्रिस्ती मंडळी उभी केली त्याला जेमतेम पाच वर्षं झाली होती. देवळाच्या भिंती मातीच्या, छप्पर गवताचं. आणि घंटा नव्हती. साहेब म्हणाले, घंटा नाही तर नाही, माणूस हाक मारील. आणि त्यांनी निवडली कोण, तर तबिथा. तिला सगळे ताबी म्हणत. वय अठरा. अख्ख्या पंचक्रोशीत तिच्याइतकी भित्री पोरगी नव्हती. सागाचं वाळलेलं पान पाठीमागे पडलं तरी ती दचकायची. धर्मबोधाच्या वर्गात साहेबांनी "ह्याचा अर्थ काय?" असं विचारलं की उत्तर तोंडपाठ असूनही तिचे ओठ थरथरायचे.

"साहेब, ही पोट्टी?" शद्रख सुतार हसून म्हणाला होता. "हिले तर सोताच्याच आवाजाचं भेव वाटते!"

पण आवाज मात्र असा की, असं म्हणतात, तिनं हाक मारली की नाल्यातलं पाणी घटकाभर खळखळायचं विसरायचं.

दर रविवारी ताबी घराघरापुढून जायची, घरातल्या माणसाचं नाव घ्यायची, आणि आतून "ओ!" यायची. सतरा नावं, सतरा ओ. त्या झाल्याशिवाय साहेब प्रभुभोजनाची भाकर मोडत नसत. शेवटचं घर नाल्यापलीकडलं. तिथली सून कौतिका, ताबीची जिवाची मैत्रीण. दोघी एका पाणवठ्यावर पाणी भरायच्या, एकमेकींच्या डोक्यात फणी फिरवायच्या. कौतिकेची ओ सगळ्यांत खट्याळ. ताबीनं पुरतं नावही घ्यायच्या आत ती यायची. "कौति—" की लगेच "ओ!"

त्या रविवारी मात्र ताबीनं पुरतं नाव घेतलं, आणि ओ आली नाही.

शेजारच्या गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आल्याचं आदल्या दिवशीच कानावर आलं होतं. नाला ओलांडायचा, दार ढकलायचं, निदान आणखी एकदा हाक मारायची. यांतलं काहीएक तिनं केलं नाही. ती मागे फिरली आणि देवळात येऊन कोपऱ्यात उभी राहिली.

"सोळा झाले," साहेब म्हणाले. "नाल्यापलीकडचे?"

"ते... ते बाजारगावी गेले, साहेब."

साहेबांनी भाकर मोडली.

दुसऱ्या दिवशी गुराख्यानं ते दार उघडलं. कौतिकेचा नवरा आणि सासू दोघंही गेलेले होते. कौतिका उंबरठ्याशी पडली होती, जीव तेवढा होता. चार दिवसांनी ती उठून बसली तेव्हा तिचा भाऊ गाडी घेऊन न्यायला आला. ताबी गाडीच्या चाकाशी येऊन उभी राहिली. कौतिकाच बोलली, आणि तीही अगदी हळू.

"एकदाच हाक मारली तू, ताबे. मले ऐकू आली होती. घशातून आवाज निघेपर्यंत तू गेली. दुसऱ्यांदा मारली असती, तर म्या ओ दिली असती व."

गाडी गेली. चाकोरीतली धूळ बसली तरी ताबी तिथेच.

तीन दिवस ती जेवली नाही. मग साहेबांपुढे गुडघे टेकून तिनं सगळं सांगितलं, बाजारगावाची थापसुद्धा. साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पापक्षमेचे शब्द उच्चारले. ताबीनं डोळे पुसले.

"देवानं केली, साहेब. पण कौतिकेनं?"



चौथ्या दिवशी ताबी उठली. लोक सांगतात की त्या दिवशी तिचं भय पळून गेलं. तसं नव्हतं ते. भय होतंच, ती त्याला बरोबर घेऊन फिरू लागली एवढंच. ज्या ज्या घरात पटकी शिरली, त्या त्या घरात ताबी थरथरत शिरली. उकळलेलं पाणी, मीठ घातलेली भाताची पेज, चिंध्या जाळायच्या, ओटा सारवायचा. आणि ज्याचे डोळे मिटायला लागले त्याच्या कानाशी हाक. एक हाक, मग थांबायचं, मग दुसरी.

शद्रख सुताराला तर तिरडीवर ठेवलं होतं, असं म्हणतात. बायकांनी रडायला सुरुवात केली होती. ताबी आली, तिनं पहिली हाक मारली. काही नाही. लोक म्हणाले, "राहू दे पोरी, गेला तो." तिनं दुसरी मारली, ती अशी की झाडावरच्या मैना उडाल्या, आणि तिरडीवरून आवाज आला, "ओ! अन् एवढ्या बायांत मले उघडं काहून ठेवलं बे?" पुढे पटकी ओसरेपर्यंत चिचझरीत एकही माणूस दगावलं नाही म्हणतात, कारण ताबी पहिल्या हाकेवर कुणाला सोडून देत नव्हती.

वर्षं गेली. ताबीची ताबीमाय झाली. तिच्याबद्दल काय काय सांगतात! रानात चुकलेली गुरं तिच्या हाकेनं घरी यायची. एका पावसाळ्यात नाला दुथडी भरला, पलीकडे सात माणसं अडकली. ताबीमायनं दोनदा नावं घेतली आणि माणसं अलीकडे येईपर्यंत पाणी खाली बसून राहिलं. मैना सतरा नावं पाठ म्हणू लागल्या.

पण तिचं एक काम कुणी फारसं बोलून दाखवत नसे. नाल्यापलीकडलं रिकामं घर ती दर शनिवारी सारवायची. रविवारी उजाडताच जाऊन अंगणात सडा टाकायची. मग अलीकडे येऊन, काळ्या धोंड्यावर चढून, त्या बंद दाराला दोनदा हाक मारायची. कापसाच्या गाडीवाल्यांबरोबर ती निरोप धाडायची, कौतिका भेटली तर सांगा, घर सारवलेलं आहे. गाडीवाले परत यायचे. निरोपाचं उत्तर कधी यायचं नाही.

अशी पंचेचाळीस वर्षं.

मग मंडळीला पन्नास वर्षं पूर्ण झाली. सुवर्णमहोत्सव! आंब्याची तोरणं लागली, डफ आणि झांजा आल्या, गावोगाव गेलेल्या माणसांना पाळकांनी चिठ्ठ्या धाडल्या. आणि समुद्रापलीकडून घंटा आली. पितळेची, शेळीएवढी. सकाळी सकाळीच लोकांनी ताबीमायला घंटेशी नेऊन बसवलं, हार घातला, बायका पाया पडू लागल्या. तिचं सारं लक्ष नाल्याकडे. सडा राहिला होता.

"ताबे, आता घंटा आली व," शद्रख म्हणाला. पंचाहत्तरीचा झाला होता, तोंडात दात नव्हता, खोड मात्र तीच. "तुह्या घशाले आराम दे."

"घंटेले नावं येतात का, शद्रखभाऊ?"

शद्रख काठी टेकत उठला आणि म्हणाला, "चाल मग. आज आम्हीबी येतो तुह्यासंगं."

आणि अख्खी मंडळी तिच्यामागून निघाली. घराघरापुढे हाक, आणि मागच्या घोळक्यातून त्या त्या घरची ओ. सोळा झाल्या. ताबीमाय काळ्या धोंड्यावर चढली. एका हातानं तिनं पदर सावरला, आणि पलीकडे पाहिलं.

अंगण ओलं होतं.

दव असेल, तिनं मनाशी म्हटलं. पण दव असं ओंजळीओंजळीनं पडत नाही. दार लोटलेलं होतं. अठराव्या वर्षीसारखं मागे फिरावं, असंही एकदा वाटून गेलं.

तिनं हाक मारली.

"कौतिके व! चाल, वेळ झाली!"

काही नाही.

इथे गोष्ट सांगणारा थांबतो, आणि चिचझरीही थांबते. आता तिथे सिमेंटचं देऊळ आहे, सडक आहे, माईक आहे. यंदा मंडळीला एकशे पंचवीस वर्षं झाली, नागपूर-पुण्याकडून लेकीसुना गाड्या करून आल्या. पण वर्धापनाच्या सकाळी आधी माईक बंद करतात, घंटेचा दोर बांधून ठेवतात. हाक मारायला मंडळीतली सगळ्यांत भित्री पोरगी निवडतात, मुद्दाम. ती धोंड्यावर चढते आणि एकेका घराचं नाव घेते. पहिल्या हाकेला कुणी ओ द्यायची नाही, असा तिथला नेम आहे. एखाद्या लेकरानं दिलीच, तर आजी त्याच्या तोंडावर हात ठेवते. सगळे गप्प उभे राहतात, प्रभूची प्रार्थना मनात म्हणून होईल इतका वेळ. पाळक खोकत नाहीत. त्या पोरीचे पाय थरथरताना सगळ्यांना दिसतात, आणि कुणी हसत नाही. मग ती दुसरी हाक मारते, त्याच घराला. तिला म्हणतात ताबीमायची हाक.

त्या दिवशीही सगळे तसेच गप्प उभे होते. शद्रखनं काठी छातीशी धरली होती. मैना चिंचेवर चिडीचूप. नाल्याचं पाणी तेवढं वाहत होतं, आणि असं म्हणतात की तेही थांबलं. ताबीमायनं डोळे मिटले, श्वास भरून घेतला, आणि पंचेचाळीस वर्षं आधी मारायची राहिलेली हाक मारली.

"कौति—"

"ओ!"