रेऊचा ताणा

साळीपुऱ्याच्या देवळामागे एक ओवरी आहे आणि त्या ओवरीत एक जुना माग. मागावर कापड नाही, नुसती कोळ्याची जाळी. सहलीला आलेल्या एका मुलीने ती झाडायला फांदी उचलली, तसे ओवरी राखणारे धोंडीतात्या हसले. "अगं बये, आधी तुझं दप्तर झाड! ही जाळी आमच्या रेऊची हाय."

असे सांगतात, की फार पूर्वी इथे दुष्काळ पडला आणि साळ्यांनी गाव सोडले. देवीचे महावस्त्र मात्र या मागावर अर्धेच होते, आणि तेवढे बारीक विणणारी रेऊ एकटीच. निघताना बाप म्हणाला, "वस्त्र पुरं कर. पाऊस झाला की आम्ही येतोच. फक्त माग रिकामा सोडू नकोस." कापड कापताना साळी शेवटची सुते मागावरच राखतात, पुढचा ताणा, म्हणजे उभे धागे, त्यांनाच सांधायचा असतो. माग रिकामा पडला की गेलेली माणसे परतत नाहीत, असे तेव्हा मानत.

रेऊ विणत राहिली. बोलायला कोणी नाही, म्हणून ती आडवे सूत घेऊन इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्याशीच बोले म्हणे. "दमलास? मग मी काय करू?"

वस्त्र पुरे झाले. देवीच्या पदराला गोंडे हवेत, म्हणून तिने राखायची सुतेही ओढून घेतली. गोंडे वळून झाल्यावर वर पाहिले, तर माग उघडा. गावात वीतभर सूत उरले नव्हते.

ती देवीपुढे बसली. "माझ्या माणसांची वाट मोडू नकोस. सूत माझ्या अंगातून काढ."

पाऊस झाला, माणसे परतली. देवीच्या अंगावर महावस्त्र होते. रेऊ कुठेच नव्हती. मागावर मात्र या खांबापासून त्या खांबापर्यंत धागे ताणलेले, आणि मधोमध एक कोळी. बापाने हाक मारली. धागा नुसता थरथरला.

मुलांबरोबरचे सर म्हणाले, "इंग्रजीत या आठ पायांच्या प्राण्यांना अरॅक्निड म्हणतात. ते नावही ग्रीकांच्या गोष्टीतल्या एका विणकर मुलीवरून आलंय."

"तिलाबी एकटीला मागं ठेवली व्हती का?"

"नाही, ती देवीशी पैजेला बसली होती."

"मंग तिच्याशी बोलाया देवी तरी व्हती," तात्या म्हणाले.

आजही साळीपुऱ्यात नवा ताणा चढवण्याआधी त्यातले एक सूत ओवरीत आणून जाळ्याला टेकवतात. "रेऊ, आम्ही आलो गं," असे मोठ्याने म्हणतात, आणि थोडा वेळ तिथेच थांबतात.